स्टिकनी 'बरोबर आहे' म्हणाले तेव्हा

"स्टिकनी भांडतोय तोवर काळजी नाही, कोरी. ज्या दिवशी तो 'बरोबर आहे' म्हणेल ना, त्या दिवशी सावध हो. काहीतरी बिघडलंय असं समज."

कोरिनच्या वडिलांनी हे सांगितलं तेव्हा ते मागच्या व्हरांड्यात बसून कुठल्याशा मेलेल्या सिनेटरची सही पारदर्शक पाकिटात सरकवत होते, आणि कोरिन समोर बसून मक्याची कणसं सोलत होती. ती खो खो हसली. म्हणाली, "डॅड, तो माणूस ज्या दिवशी मला 'बरोबर आहे' म्हणेल, त्या दिवशी मी केक करीन."

आणि तिनं केला. पुढे तिला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. चांगला दोन थरांचा चॉकलेटचा केक केला, वर अक्रोड लावले, आणि नवऱ्याला दारातच सांगितलं, "ग्लेन, म्हाताऱ्यानं हात टेकले!"

वडील ओहायोतल्या चिलिकॉथीच्या कागदाच्या गिरणीत एकतीस वर्षं होते. हातात कागद धरला की तो कापसाच्या चिंध्यांचा की लाकडाचा, हे डोळे मिटून सांगायचे. त्यातूनच त्यांना गेल्या शतकातल्या राजकारण्यांच्या सह्या जमवायचा नाद लागला. अध्यक्षांच्या सह्या गिरणीच्या पगारात कुठून येणार? त्यामुळे अमेरिकेच्या काँग्रेसचे सभासद, गव्हर्नर, दोन-चार मंत्री. ज्यांची नावं आता एखाद्या शाळेला नाहीतर ओढ्यावरच्या पुलाला उरली आहेत अशी मंडळी. त्या काळी काँग्रेसच्या सभासदाला पत्राला तिकीट लावावं लागत नसे. पाकिटाच्या कोपऱ्यात सही ठोकली की पत्र फुकट. अशी कोपऱ्यात सही असलेली पाकिटंच वडिलांकडे दोनशेवर होती. ते गेले आणि तीन पेट्या कोरिनकडे आल्या. पेट्यांबरोबर मिस्टर अल्वा स्टिकनीही आले. म्हणजे टपालानं.

स्टिकनी राहायचे कॅन्ससमधल्या मिलब्रुक नावाच्या गावात, नऊशे मैलांवर. जिल्ह्याच्या कचेरीत जमिनीचे जुने दस्तऐवज सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला होता. बायको नाही, मूल नाही. एक बहीण होती, तीही गेली. टेलिफोन त्यांनी स्वतःहून काढून टाकला होता, कारण "लोक त्यावर बोलतात". वडिलांची आणि त्यांची बावीस वर्षांची देवघेव, पण दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. या लोकांची रीतच तशी. आपल्याकडच्या चार चिजा 'पसंतीवर' म्हणून टपालानं समोरच्याला पाठवायच्या. त्यानं निवांत बघायच्या, हवं ते ठेवून घ्यायचं, बदल्यात तोलामोलाचं काही पाठवायचं, बाकीचं परत. ना पावती, ना कागद. मध्ये कुणी बुडवलं तर बोंब मारायची सोय नाही. पण बुडवत कुणी नाही.

वडील होते तेव्हाच कोरिननं स्वतःची पहिली चीज स्टिकनींना दाखवली होती. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला ग्लेननं तिला जमिनीचं एक जुनं पट्टापत्र दिलं होतं, खाली अमेरिकेच्या अध्यक्षांची सही. कातड्यासारखा जाड कागद, फ्रेम करून सोफ्याच्या वर टांगलेला. तिनं त्याची झेरॉक्स पाठवली. ती परत आली तीच लाल पेन्सिलीनं रक्तबंबाळ होऊन.

"मिसेस वायगँड, अध्यक्षांनी हा कागद पाहिलासुद्धा नव्हता. अठराशे तेहतीसनंतर अशा कागदांवर चिटणीस सही करत. त्याचं नाव खाली बारीक अक्षरात आहे. वाचण्याची तसदी घ्यावी. आपण पदवीधर आहात असं आपले वडील लिहितात."

"माझं प्रेझेंट त्यानं नऊशे मैलांवरून मारलं," ग्लेन म्हणाला. फ्रेम अजून भिंतीवर आहे, पण आलेल्या पाहुण्यांना ती आता कुणी दाखवत नाही.

तेव्हापासून हेच. दर मंगळवारी स्टिकनींचं पाकीट, आणि दर मंगळवारी कोरिनचं डोकं फिरलेलं. ही सही सिनेटरची नाही, त्याच्या बायकोची. ही सही खरी, पण तारीख कुणीतरी नंतर घातली आहे. हे पाकीट कडेनं कातरलं आहे. कातरणाऱ्याला तुरुंगात घालायला हवं होतं. वडील गेले तेव्हा सांत्वनाचं पत्र आलं. त्यात एक ओळ वडिलांवर होती: "हॅस्केल यांची नजर चांगली होती." उरलेलं दीड पान संग्राहक मंडळाच्या पत्रकात वडिलांवर जो मृत्युलेख आला होता, त्यातल्या एका गव्हर्नरच्या कारकिर्दीचं साल कसं चुकलं आहे यावर होतं. ते पत्र वाचून कोरिन आधी रडली, मग चिडली, आणि मग सालाची चूक खरी निघाली म्हणून आणखी चिडली.

पण खरं सांगायचं तर टेस झाल्यापासून तिला त्या पाकिटाचाच आधार होता. कॉलेजात इतिहास शिकलेली, दोन वर्षं शाळेत शिकवलेली बाई आता दिवसभर घरात चौदा महिन्यांच्या पोरीमागे. पाणी कोपरानं तपासायचं, द्राक्षाचे चार तुकडे करायचे, पोर झोपली की श्वास चालू आहे ना म्हणून तीनदा आत डोकावायचं. सह्या बघायचं वडिलांचं भिंग अर्धा वेळ टेसच्या अंगावरची पुरळं बघण्यातच खर्ची पडायचं. ग्लेन म्हणायचा, "कोरी, पोरीला माणूस म्हणून वाढव, दस्तऐवज म्हणून नको." अशा दिवसात मोठ्या माणसाशी होणारं एकच चांगलं, रंगलेलं भांडण असायचं, आणि ते टपालानं यायचं.

म्हणून तर गेला हिवाळा तिला इतका झोंबला.

सप्टेंबरात स्टिकनींनी एक दुरुस्ती पाठवली आणि पुढच्या मंगळवारी तीच परत पाठवली. शब्दाला शब्द, स्वल्पविरामाला स्वल्पविराम. "मला एकदा सांगून कळत नाही असं वाटतं त्यांना!" कोरिन म्हणाली.

ऑक्टोबरात तिनं पसंतीवर पाठवलेली चार पाकिटं परत आली ती चार नव्हतीच. तीन तिची, आणि चौथं व्हर्माँटच्या कुणा गृहस्थाचं एका गव्हर्नरचं पत्र. मग टेसला कडेवर घेऊन, पाऊस चुकवत, पोस्टात रांग लावून तिनं ते व्हर्माँटला धाडलं, आणि स्टिकनींना चिठ्ठी लिहिली: "दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्यानं निदान पाकिटं तरी नीट भरावीत." त्यावर दोन आठवड्यांनी उत्तर आलं ते हवामानाबद्दल.

आणि नोव्हेंबरात त्यांनी लिहिलं, "तुमच्या वडिलांनी माझ्या दोन पत्रांना उत्तर दिलेलं नाही. त्यांची ही सवय नव्हती. त्यांना आठवण करून द्यावी."

ते पत्र हातात धरून कोरिन स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसूनच राहिली. वडिलांना जाऊन तीन वर्षं होत आली होती. टेस तिच्या पायाला धरून उभी होती आणि बुटाच्या नाडीचं टोक चघळत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कोरिननं ते बघूनही न बघितल्यासारखं केलं.

"टोमणा आहे हा," ग्लेन म्हणाला. "बाप असता तर वेळेवर उत्तर आलं असतं, तू देत नाहीस, असं म्हणायचंय त्याला."

"इतका दुष्ट?"

"तूच म्हणतेस ना इतका दुष्ट आहे."

कोरिननं सहा आठवडे पत्रच लिहिलं नाही. घे, म्हणावं. बस आता लाल पेन्सिलीला टोक काढत.

जानेवारीत मात्र तिला राहवलं नाही, कारण तिला थ्रॅशर सापडला. मेथडिस्ट चर्चच्या तळघरात जुन्यापान्याची विक्री होती. तिथल्या एका भजनांच्या पुस्तकात चार घड्या घातलेलं पत्र होतं, खाली सही: जोसाया थ्रॅशर, ओहायोचा सिनेटर. आता थ्रॅशर ही काही साधी गोष्ट नाही. थ्रॅशर म्हणजे स्टिकनींची जहागीर. चौदा वर्षांपूर्वी त्यांनी मंडळाच्या पत्रकात आठ पानांचा लेख लिहून दाखवून दिलं होतं, की शेवटच्या सहा वर्षांत सिनेटरचा हात थरथरायचा, म्हणून त्याच्या सगळ्या पत्रांवर त्याची मुलगी सही करायची. मुलीनं बापाचं अक्षर इतकं उचललं होतं की शंभर वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. फरक एकच. सिनेटर नाव आणि आडनाव यांच्यामध्ये लेखणी उचलायचा. तिथे केसाएवढी फट दिसते. मुलगी उचलायची नाही. सगळं एका दमात.

त्या लेखावर कॅन्ससमधल्याच गेलन बायर्ली नावाच्या सभासदानं हरकत घेतली होती. सिनेटरला कधी घाई नसेल का, घाईत माणूस लेखणी न उचलताही सही करतो, असं त्याचं म्हणणं. त्यावर स्टिकनींनी त्याला छापून 'डोळे असलेला आंधळा' म्हटलं. अकरा वर्षं ते भांडण पत्रकात चाललं, शेवटी संपादकांनी हात जोडले. वडील ते सगळे अंक जपून ठेवायचे. म्हणायचे, "टीव्हीपेक्षा बरं."

कोरिनच्या पत्रावरच्या सहीत फट दिसत होती. दिसत होती असं तिला वाटलं. तिनं श्वास रोखून पत्र पाकिटात घातलं आणि पसंतीवर पाठवून दिलं. खाली एकच ओळ लिहिली: "आता बोला."

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ते परत आलं. लाल पेन्सिलीचा एक ठिपका नाही. निळ्या शाईत, जरा उतरत्या ओळीत लिहिलं होतं: "बरोबर आहे. अस्सल आहे. फार सुंदर नमुना. पाठवल्याबद्दल मनापासून आभार."

तर त्यावर तो केक.

केकचा शेवटचा तुकडा संपला त्या दिवशी दुपारी टेसच्या तळहातात लाकडाचं बारीक कुसळ गेलं. लहान मुलाच्या हातातलं कुसळ काढणं म्हणजे उडत्या माशीला चिमटीत धरणं. कोरिननं तिला टेबलाशी मांडीवर घेतलं, भिंग धरलं, चिमट्यानं कुसळ ओढलं. पोरीनं आकांत केला, आणि आकांत करता करता टेबलावरचं थ्रॅशरचं पत्र, जे आता फ्रेमच्या दुकानात जायचं होतं, हातानं ओढलं. कोरिननं ते झडप घालून धरलं. भिंग अजून हातातच होतं.

सहीवरून भिंग सरकलं आणि थांबलं.

नाव आणि आडनाव यांच्यामध्ये फट होतीच. पण ती लेखणी उचलल्याची नव्हती. पत्राची घडी नेमकी तिथून गेली होती, आणि घडीवरची शाई झडून गेली होती. घडीच्या अल्याड रेघ सरळ आत जात होती आणि पल्याड त्याच जोरात, त्याच तिरपेपणानं बाहेर निघत होती. लेखणी उचललीच नव्हती. सगळं एका दमात. मुलगीच ती, सिनेटरची.

पहिल्यांदा कोरिनला नुसता राग आला. स्वतःचा, चर्चच्या तळघराचा, केकचा. "श्शी!" ती मोठ्यानं म्हणाली, आणि टेस रडायची थांबून तिच्याकडे बघायला लागली.

मग तिच्या डोक्यात आलं, हे त्यांना दिसलं नाही? त्यांना?

नऊशे मैलांवरून झेरॉक्सवर चिटणीस ओळखणारा माणूस. ज्यानं ही मुलगी शोधून काढली तो माणूस. त्याच्या हातात मूळ कागद होता, आणि तो म्हणाला 'फार सुंदर नमुना'.

मांडीवर पोर तशीच घेऊन तिनं बुटांच्या खोक्यातली स्टिकनींची पत्रं काढली आणि तारखेनं लावत टेबलभर मांडली. ज्या ज्या पत्रानं तिचं डोकं फिरलं होतं, ती सगळी आता एका ओळीत उभी होती. एकच दुरुस्ती दोनदा. दुसऱ्याचं पाकीट. हवामान. 'तुमच्या वडिलांनी उत्तर दिलेलं नाही.' त्या पाकिटावरचा पत्ता तिनं आता वाचला: मिस्टर हॅस्केल यांस. पाकीट तिनं तेव्हा फाडलं होतं, बघितलं नव्हतं. टोमणा नव्हताच तो. म्हातारा खरोखरच वडिलांच्या उत्तराची वाट बघत बसला होता.

पोरीच्या खोकल्यातला बदल शेजारच्या खोलीतून ओळखणारी बाई. आणि एक माणूस सहा महिने तिच्या समोर कागदावर ओघळत होता, तर तिनं प्रत्येक वेळी म्हटलं काय, की किती आगाऊ!

तिनं मिलब्रुकच्या शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलिसांच्या, कचेरीत फोन लावला. वयस्क गृहस्थ आहेत, एकटे आहेत, कुणीतरी जाऊन बघाल का. दुसऱ्या दिवशी दुपारी डेप्युटीचा फोन आला. आवाजावरून पोरसवदाच होता.

"जाऊन आलो, मॅडम. ठणठणीत आहेत."

"काय म्हणाले?"

"काही नाही. आत या म्हणाले. कॉफी घेणार का विचारलं. माझ्या टोपीचं कौतुक केलं."

"कौतुक?"

"हो. फार गोड म्हातारा आहे."

कोरिननं डोळे मिटले. "ऑफिसर, ते गोड नाहीत. तेच तर मी सांगतेय. ते अजिबात गोड नाहीत!"

"मॅडम, म्हातारा चांगला वागला म्हणून मी त्याला गाडीत घालून आणू का?"

"कॉफी दिली का त्यांनी?"

"दिली नाही. विचारलं. मग परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मीच निघालो, मला पुढे काम होतं."

"घर गरम होतं?"

"कोट घातला होता त्यांनी."

"घरात? कोट?"

"मॅडम, हे कॅन्सस आहे. फेब्रुवारी आहे. माझी आजीसुद्धा घालते." आणि त्यानं फार अदबीनं सांगितलं, की माणूस पायांवर उभा आहे, दार उघडतो आहे, तक्रार करत नाही आहे, तेव्हा कचेरीला यात काही करता येत नाही.

"तक्रार करत नाही आहे," कोरिन फोन ठेवून भिंतीला म्हणाली. "अरे, तीच तर तक्रार आहे!"

संध्याकाळी ग्लेन आला तेव्हा टेबलावर पत्रांची रांग तशीच होती, आणि रात्रीच्या जेवणाचा पत्ता नव्हता. त्यानं कोट न काढता सगळं ऐकून घेतलं.

"ज्याला तीन वर्षं शिव्या घातल्यास, त्याच्यासाठी आता रडतेस?"

"शिव्या घालायला तरी तो असायला हवा ना!"

त्यानं कोट काढून खुर्चीवर टाकला. मग म्हणाला, "मी जातो म्हणालो असतो, कोरी. पण महिनाअखेर आहे, रजा मिळायची नाही. आणि टेसच्या कानाचं औषध चालू आहे, तिला घेऊन तू बर्फात नऊशे मैल जाणार? तूच जाणार नाहीस. ईस्टरला जाऊ. शब्द देतो."

"ईस्टरला अजून सहा आठवडे आहेत. घरात कोट घालून बसलेत ते."

त्यानं फ्रिज उघडला, अंडी काढली, आणि स्वतःच फोडायला लागला. "तिकडे जवळ कुणीच नाही का तुमच्यातलं? सहीवाल्यातलं?"

तिनं मंडळाची सभासदांची यादी काढली. आधी पत्रकात निवेदनच द्यावं म्हणून तिनं चार ओळी टाईप केल्या होत्या, त्या वाचल्या, आणि फाडून टाकल्या. वडिलांच्या पेट्यांतल्या अर्ध्या पाकिटांच्या पाठीवर शिसपेन्सिलीनं लिहिलेलं होतं, 'स्टिकनींनी पाहिलं'. देशभरातल्या पेट्यांत तसं लिहिलेलं असेल. त्या दोन शब्दांवर लोक डोळे मिटून देवघेव करतात. स्टिकनींची नजर गेली असं एकदा छापून आलं, की लोक तीस वर्षांची पाकिटं उलटी करून बघायला लागतील. आणि म्हातारा एकटा, घरात सह्यांचे ढीग, दारात कुणी आलं तर आत या म्हणतो. हे तर मुळीच छापायचं नाही. त्यांना यातलं काही कळलं, तर त्या सिनेटरला थरथरत्या हाताची वाटली असेल, त्याहून जास्त लाज त्यांना वाटेल. थंडीतून वाचवायचं आणि लाजेनं मारायचं, असं व्हायला नको होतं.

स्टिकनी सोडले तर कॅन्ससमध्ये सभासद सहा. पाच जण पार दुसऱ्या टोकाला. मिलब्रुकपासून चाळीस मैलांच्या आत एकच नाव होतं.

"नाही," कोरिन म्हणाली. "देवा, नाही."

"कोण?"

"डोळे असलेला आंधळा."

दुसऱ्या दिवशी टेस झोपल्यावर तिनं गेलन बायर्लींचा नंबर शोधून फोन लावला.

"बायर्ली."

"नमस्कार, मी ओहायोहून बोलतेय, कोरिन वायगँड, हॅस्केल यांची मुलगी. मिस्टर स्टिकनींबद्दल जरा—"

"त्या माणसाचं नाव या घरात काढायचं नाही." खट्.

तिनं परत लावला. "मिस्टर बायर्ली, एकच मिनिट, मिस्टर स्टिकनी—" खट्.

सही गोळा करणारे हे सगळे म्हातारे एकाच साच्यातून काढलेत की काय! तिनं दात ओठ खात तिसऱ्यांदा लावला. या वेळी बाईचा आवाज आला, मऊ, दमलेला.

"बाई, ते घेणार नाहीत हो फोन. ताटावरून उठलेत, लालबुंद झालेत. तुम्ही असं करा, पत्र लिहा. पत्र ते वाचतात. भांडायला का होईना, पण शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात."

मग कोरिननं टाईपरायटर स्वयंपाकघराच्या टेबलावर आणला. टेस शेजारच्या उंच खुर्चीत बसून द्राक्षाचे चतकोर तुकडे एकेक करून जमिनीवर टाकत होती. कोरिननं थ्रॅशरचं पत्र जाड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत ठेवलं, आणि लिहायला घेतलं.

"प्रिय मिस्टर बायर्ली,

आता फोन ठेवू नका, हे पत्र आहे.

सोबत थ्रॅशरचं पत्र आहे. झेरॉक्स नाही, मूळ. आपली ओळख नाही, तरी पसंतीवर पाठवते आहे. सहीवर जिथे घडी आहे तिथे भिंग धरा. लेखणी उचललेली नाही. मिस्टर स्टिकनींच्या मते ही सही मुलीची. तुमच्या मते घाईत असलेल्या सिनेटरची. तुमच्यातलं कोण बरोबर, ते मला माहीत नाही, आणि खरं सांगू का, आज मला त्याचं काही पडलेलं नाही.

हे पत्र मी त्यांना दाखवलं. ते म्हणाले, अस्सल आहे. वाद नाही, लाल पेन्सिल नाही. उलट आभार मानले. तुम्ही अकरा वर्षं त्यांच्याशी भांडला आहात. यात काय बिघडलं आहे ते डेप्युटीला कळलं नाही, माझ्या नवऱ्याला अर्धंच कळलं, पण तुम्हाला पुरतं कळेल. त्यांना ओळखणारं त्या बाजूला तुमच्याशिवाय कुणी नाही.

म्हणून हे घेऊन त्यांच्याकडे जा. दार उघडलं की मोठ्यानं सांगा, 'स्टिकनी, ही थ्रॅशरची खरी सही आहे, आणि तू चौदा वर्षं चुकतो आहेस.' त्यांनी तुम्हाला पायरीवरूनच हाकललं, आंधळा म्हणाले, दार तोंडावर आपटलं, तर उलट उत्तर देऊ नका. घरी जा आणि मला कळवा, मी तुमची आणि त्यांची दोघांची माफी मागेन आणि पुन्हा फोन करणार नाही.

पण ते जर म्हणाले, 'बरोबर आहे, आत या', तर कृपा करून परत फिरू नका. आत जा. घर गरम आहे का बघा. स्वयंपाकघरात खायला काय आहे बघा. कॉफी ते विचारतील, देणार नाहीत. तुम्हीच करा, दोघांसाठी. त्यांनी माझ्या वडिलांबद्दल विचारलं तर हॅस्केल मजेत आहे म्हणा. जवळ बसा. आणि ते 'बरोबर आहे' म्हणाले, हे माझ्याशिवाय कुणाला सांगू नका. तुम्हाला हे सांगावंसं वाटेल, अकरा वर्षांनी वाटणारच. तरी नका सांगू.

मी स्वतः आले असते. मुलगी चौदा महिन्यांची आहे, तिचा कान दुखतो आहे. मी सहा महिने हे सगळं वाचत होते आणि मला दिसलं नाही, म्हणून आता तुमच्या डोळ्यांवर विसंबते आहे.

पत्र हातात पडेल त्याच दिवशी जा. चाळीसच मैल आहेत. जाल ना?"